ओळ आणि ओळख

वर्गाचा कॅटलॉग हाताळणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट कोणी न सांगताच ठाऊक असते. जूनमध्ये मुलांची नावे लिहिली जातात आणि त्यांना १, २, ३ असे हजेरी क्रमांक मिळतात. ऑगस्टमध्ये १४ क्रमांकाच्या मुलाच्या वडिलांची बदली होते आणि तो दाखला घेऊन जातो. आता १५ क्रमांकाच्या मुलीला १४ म्हणायचे का? बहुतेक शिक्षक तसे करत नाहीत. ते १४ वर रेघ मारतात, शेरा लिहितात आणि पुढे चालू लागतात. पुढच्या वर्षी क्रमांक नव्याने पडतात, आणि तीच मुलगी कदाचित ९ क्रमांकावर येते. तरीही तिचा कोणाशी घोटाळा होत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरातला तिचा क्रमांक ती शाळेत दाखल झाली तेव्हाच ठरलेला असतो, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच लिहिला जातो. हजेरी क्रमांक मुलीची रांगेतली जागा सांगतो. रजिस्टरचा क्रमांक ती मुलगी कोण हे सांगतो.

जागा आणि ओळख यांतला हा फरक शाळेच्या कचेरीत जुनाच आहे. संगणकाच्या पडद्यावर यादी दुरुस्त करणाऱ्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना मात्र तो वारंवार, आणि दर वेळी ठेच लागल्यावरच, शिकावा लागला. त्या शिकण्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगायचा आहे.

एक चूक, आमचीच

हा विषय आम्हाला का भिडला, ते आधी सांगायला हवे. विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासण्याच्या एका कामात आम्ही स्वतःच एक छोटे वेबपान तयार केले होते. त्यावर ६० विहिरींची यादी होती. नावे एका यादीत, नायट्रेटचे मोजमाप दुसऱ्या यादीत, आणि दोघांना जोडणारा धागा एकच: अनुक्रमांक. पहिल्या यादीतले सतरावे नाव सतराव्या मोजमापाचे, असा हिशेब. एके दिवशी लक्षात आले की १७ क्रमांकावर एका विहिरीचे नाव चुकून दुसऱ्यांदा लिहिले गेले आहे. आम्ही ‘काढा’ हे बटण दाबले. नाव गेले. मोजमापांच्या यादीला मात्र याचा पत्ताच नव्हता.

परिणाम काय झाला? अठरावे नाव सतरावे झाले आणि त्याच्यापुढे सतरावे मोजमाप येऊन बसले. तेथून खाली प्रत्येक विहिरीला तिच्या वरच्या ओळीतले मोजमाप मिळाले. शेवटी एक आकडा उरला, पण पान नावांच्या संख्येइतक्याच ओळी दाखवत असल्याने तो कोणाला दिसला नाही. पान स्वच्छ, नीटनेटके आणि पूर्णपणे चुकीचे होते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. गोठ्याशेजारची एक विहीर या मर्यादेच्या बरीच वर होती, हे नमुना तपासल्यामुळे आमच्या डोक्यात पक्के होते. पडद्यावर तीच विहीर निर्दोष दिसली आणि तिच्या खालच्या ओळीतली चांगली विहीर दूषित ठरली. अहवाल अजून गेला नव्हता म्हणून निभावले. तान्ह्या बाळाच्या दुधात कोणत्या विहिरीचे पाणी घालावे हे अशा यादीवरून ठरू शकते. तेव्हा ‘यादी दुरुस्त करणे’ ही वाटते तितकी किरकोळ बाब नाही.

स्मृतीतली यादी

संगणकाच्या स्मृतीत यादी ठेवण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे शेजारी शेजारी खण मांडणे. पहिला खण, दुसरा खण, तिसरा खण. हवी ती वस्तू क्रमांकावरून चटकन सापडते. पण मधेच एक नाव घालायचे तर पुढची सगळी नावे एकेक घर सरकवावी लागतात, आणि एक काढले की सगळी मागे आणावी लागतात.

१९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन हे तिघे तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी आज्ञावली लिहीत होते. त्यांच्या याद्या सतत लांबत, आखूड होत आणि एकमेकींत गुंतत. त्यांनी यादीची मांडणीच बदलली. प्रत्येक वस्तूसोबत ‘पुढची वस्तू कोठे आहे’ हा पत्ता ठेवायचा. म्हणजे यादी ही खणांची रांग न राहता दोऱ्यात ओवलेली माळ झाली. मणी घालायचा तर दोन गाठी बदलायच्या. बाकीचे मणी जागचे हलत नाहीत. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेची उभारणी सुरू केली, तीही याच कल्पनेवर. तिच्या नावातच यादीवरील प्रक्रिया हा अर्थ दडलेला आहे.

येथे पहिला धडा मिळाला: वस्तूची यादीतली जागा हा वस्तूचा गुणधर्म नव्हे. पण तोवर याद्या फक्त यंत्राच्या पोटात होत्या. त्या माणसासमोर पडद्यावर आल्या तेव्हा नवी अडचण उभी राहिली.

रजिस्टर आणि फळा

समजा, मुख्याध्यापकांच्या खोलीत रजिस्टर आहे आणि बाहेर फळ्यावर त्यातली आजची आकडेवारी लिहिली आहे. आता एकाच गोष्टीच्या दोन प्रती झाल्या. कोणी फळ्यावरचे नाव पुसले म्हणजे ते रजिस्टरातून गेले का? आणि रजिस्टरात बदल झाला तर फळा कोणी बदलायचा?

ट्रिग्वे रेन्सकाउग हे नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ. जहाजबांधणीसाठीच्या आज्ञावली तयार करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. १९७८-७९ मध्ये ते पाहुणे संशोधक म्हणून कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात होते. तेथे ॲलन के, ॲडेल गोल्डबर्ग, डॅन इंगल्स आदी मंडळी स्मॉलटॉक ही भाषा घडवत होती. पडद्यावर खिडक्या, हातात माऊस, असे त्या काळात दुर्मिळ असलेले वातावरण होते. एवढी गुंतागुंतीची माहिती माणसाला आपल्या हातात आहे असे कसे वाटेल, हा रेन्सकाउग यांचा प्रश्न होता. १९७९ च्या मे महिन्यातील टिपणात त्यांनी चार भाग सुचवले. डिसेंबरपर्यंत त्यांचे तीन झाले आणि तीच नावे टिकली: मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर.

मॉडेल म्हणजे मूळ नोंद, आपले रजिस्टर. व्ह्यू म्हणजे तिचे दर्शन, आपला फळा. कंट्रोलर म्हणजे माणसाची बोटे काय सांगत आहेत ते ऐकून योग्य त्या ठिकाणी पोचवणारा, शाळेतल्या लेखनिकासारखा. या मांडणीचे मर्म असे की एका रजिस्टराचे कितीही फळे असू शकतात, पण रजिस्टराला फळ्यांची काळजी करावी लागत नाही. ‘माझ्यात बदल झाला’ एवढी घंटा ते वाजवते. ज्याने त्याने येऊन पाहायचे आणि आपापला फळा लिहून काढायचा.

वेब: पहिली साधी पद्धत

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तो मुख्यतः वाचण्याच्या कागदपत्रांसाठी. यादी दाखवण्याच्या खुणा त्यात अगदी सुरुवातीपासून होत्या, पण ती यादी छापील पुस्तकातल्यासारखी स्थिर. पुढे पानांवर भरायचे अर्ज आले. यादीत बदल करायचा तर अर्ज भरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवायचा, सर्व्हर आपल्या नोंदीत बदल करून संपूर्ण पान नव्याने लिहून पाठवत असे.

ही पद्धत मंद होती. एका ओळीसाठी सारे पान परत येई आणि तोवर पडदा कोरा राही. पण तिच्यात एक शहाणपण होते, जे त्या वेळी कोणी फारसे लक्षात घेतले नाही. खरी नोंद एकाच ठिकाणी होती आणि पान दर वेळी तिच्यावरून पहिल्यापासून लिहिले जात होते. फळा आणि रजिस्टर यांत तफावत पडायला वावच नव्हता.

फळाच रजिस्टर झाला

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी सुमारे दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. तिचे नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि त्या वर्षाच्या अखेरीस जावास्क्रिप्ट असे झाले. या भाषेतली आज्ञावली वाचकाच्याच संगणकावर, ब्राउझरमध्ये चालते. पान हे खुणांचे एक झाड आहे असे मानून त्याच्या फांद्या कशा हाताळायच्या याचे पहिले सामाईक मानक १९९८ मध्ये आले. पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची युक्ती १९९९ पासून उपलब्ध होती. २००४ च्या जीमेलने आणि २००५ च्या गूगल मॅप्सने ती सर्वांच्या नजरेत भरवली, आणि जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये तिला एजॅक्स हे नाव दिले. २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरी या संचाने पानाच्या फांद्या छाटणे, जोडणे, रंगवणे अगदी सोपे केले.

सोपे झाले म्हणून सगळे तसेच करू लागले, आणि येथेच घोटाळा झाला. कामांची यादी घ्या. ‘काढा’ दाबले की पानावरची ती ओळ सरळ छाटायची. किती ओळी उरल्या हे कळायचे असेल तर पानावरच्या ओळी मोजायच्या. म्हणजे मूळ नोंद वेगळी उरलीच नाही. फळा हेच रजिस्टर झाले. गाळणी लावून काही ओळी लपवल्या की मोजदाद चुकायची, किंवा चुकू नये म्हणून वेगळी काळजी घ्यावी लागायची.

याचा हिशेब वर्गात सहज मांडता येतो. यादीवर पाच क्रिया समजा: जोडणे, काढणे, दुरुस्त करणे, ‘झाले’ अशी खूण करणे आणि क्रम बदलणे. पडद्यावर चार जागा समजा: पूर्ण यादी, उरलेल्यांचा आकडा, फक्त अपुरी कामे दाखवणारी यादी आणि ‘सर्व झाले’ ही खूण. प्रत्येक क्रियेने प्रत्येक जागा स्वतः बदलायची ठरवली तर ५ गुणिले ४, म्हणजे २० दुवे लिहावे लागतात. त्यांतला एक विसरला तरी यादी सांगते तीन कामे आणि आकडा म्हणतो चार. हेच मध्ये एक मूळ नोंद ठेवली तर पाच क्रिया फक्त नोंद बदलतात, चार जागा फक्त नोंद वाचतात. दुवे ५ अधिक ४, म्हणजे ९. क्रिया आणि जागा वाढत जातील तसा गुणाकार आणि बेरीज यांतला हा फरक वाढतच जातो.

एकच यादी, अनेक हात

२०१० मध्ये बॅकबोन, नॉकआउट आणि अँग्युलर ही तीन साधने थोड्याच महिन्यांच्या अंतराने आली. तिघांचा मार्ग वेगळा असला तरी हेतू एकच होता: रेन्सकाउग यांचे १९७९ चे शहाणपण ब्राउझरमध्ये परत आणणे. साधने भराभर वाढू लागली तेव्हा त्यांची तुलना कशी करावी असा प्रश्न पडला. २०११ मध्ये ॲडी उस्मानी यांनी टूडूएमव्हीसी हा उपक्रम सुरू केला. त्यात कामांची एकच यादी, तंतोतंत त्याच नियमांनी, प्रत्येक साधनात लिहून दाखवायची होती.

यादीच का निवडली? कारण छोटी असूनही तिच्यात सगळे येते. विशेषतः तिच्यातला दुरुस्तीचा नियम पाहण्याजोगा आहे. ओळीवर दोनदा टिचकी मारली की ती लिहिण्याजोगी होते. एंटर दाबले की बदल कायम, एस्केप दाबले की पूर्ववत. म्हणजे लिहिता लिहिता असलेला अर्धवट मजकूर ही तिसरीच गोष्ट आहे. तो अजून नोंद नाही आणि नुसता देखावाही नाही. तो कच्चा मसुदा आहे. तो थेट नोंदीत लिहीत गेलो तर एस्केप दाबल्यावर परत कोठे जायचे? म्हणून चांगल्या मांडणीत ‘कोणती ओळ दुरुस्त होत आहे’ आणि ‘तिचा मसुदा काय आहे’ या दोन गोष्टी नोंदीपासून वेगळ्या ठेवतात.

पुन्हा पहिल्यापासून लिहा

२०१३ च्या मे महिन्यात फेसबुकने रिॲक्ट हे साधन सर्वांसाठी खुले केले. त्याचे मूळ जनक जॉर्डन वॉक. त्यांची सूचना ऐकून अनेकांनी नाके मुरडली. नोंद बदलली की संपूर्ण पान कसे दिसावे ते पहिल्यापासून सांगा. कोणती ओळ छाटायची, कोणती जोडायची, हे सांगूच नका. ही तर वेबच्या सुरुवातीचीच पद्धत! फरक इतकाच की नवे पान खरोखर पडद्यावर न लिहिता आधी स्मृतीत त्याचा आराखडा करायचा, जुन्या आराखड्याशी ताडून पाहायचा आणि जेवढा फरक असेल तेवढाच पडद्यावर उतरवायचा.

ताडून पाहणे सोपे नाही. दोन झाडांतील कमीत कमी फरक काढण्याच्या त्या वेळच्या उत्तम रीतींत घटकांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात काम वाढते. १००० घटकांना १०० कोटी तुलना. म्हणून रिॲक्टने अचूकतेचा आग्रह सोडून दोन गृहीतके घेतली. भिन्न जातीच्या खुणा भिन्नच समजाव्यात. आणि यादीतली कोणती ओळ म्हणजे पूर्वीची कोणती, हे लिहिणाऱ्यानेच प्रत्येक ओळीला एक ‘की’ देऊन सांगावे. तेवढ्याने काम घटकांच्या संख्येच्या प्रमाणात उरते.

ही ‘की’ म्हणजे जनरल रजिस्टर क्रमांकच. ती दिली नाही तर काय होते ते पाहू. यादीत अनिता, बाळू, चंदा अशा तीन ओळी आहेत आणि प्रत्येकीपुढे शेऱ्याची चौकट आहे. शिक्षकांनी बाळूपुढे अर्धा शेरा लिहिला आहे. तेवढ्यात सर्वांत वर अजय हे नाव आले. जागेवरून ताडणारी आज्ञावली म्हणते: पहिल्या ओळीत अनिताचे अजय झाले, दुसरीत बाळूचे अनिता झाले, तिसरीत चंदाचे बाळू झाले आणि चौथी चंदा नवी आली. नावे सगळी बरोबर उतरतात. पण दुसऱ्या चौकटीत लिहिलेला अर्धा शेरा तेथेच राहतो, आणि दुसरी ओळ आता अनिताची आहे. ओळखीवरून ताडले तर उत्तर एका वाक्याचे येते: वर अजय आला, बाकी सारे तेच. अनेक जण चौकट मोकळी राहू नये म्हणून ‘की’ म्हणून ओळीचा अनुक्रमांकच देऊन टाकतात. हजेरी क्रमांक जनरल रजिस्टरात उतरवण्यासारखाच हा प्रकार.

न खोडता दुरुस्ती

२०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स हे छोटे साधन पुढे आणले. त्याची शिस्त अशी: जुनी यादी कधी खोडायची नाही, प्रत्येक क्रियेतून एक नवी यादी निर्माण करायची. हे खर्चिक वाटते, पण तसे नाही. १००० ओळींतली एक बदलली तर उरलेल्या ९९९ ओळी नव्या यादीत जशाच्या तशा, त्याच वस्तू म्हणून येतात. फक्त त्यांचे पत्ते नव्याने लिहिले जातात. कोणती ओळ बदलली हेही पत्ते ताडून लगेच कळते. आणि मागच्या याद्या शाबूत असल्याने ‘परत फिरवा’ हे बटण जवळजवळ फुकट मिळते. रजिस्टरात खाडाखोड न करता रेघ मारून सही करावी, हा आपला नियमही याच कारणासाठी आहे.

दोन माणसे एकाच वेळी एकच यादी दुरुस्त करू लागली तर? एकाने तिसरी ओळ काढली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ‘पाचवी बदला’ म्हटले, तर त्याची पाचवी आता चौथी झालेली असते. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्येच यावर उपाय मांडला होता: समोरून आलेल्या आज्ञेतील क्रमांक आपल्या बदलानुसार सुधारून घ्यायचे. पुढे विकसित झालेल्या दुसऱ्या परंपरेत क्रमांकच सोडून दिले जातात आणि प्रत्येक घटकाला कायमची ओळख दिली जाते. वळसा घालून आपण त्याच जागी येतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

संगणक नसला तरी हा धडा देता येतो. दहा मुलांना रांगेत उभे करा. पाचव्या आणि सहाव्या मुलाला टोपी घाला. एका विद्यार्थ्याला आज्ञा द्या: क्रमांक १ पासून मोजत जा; टोपीवाला भेटला की त्याला बाहेर काढ, रांग पुढे सरकव आणि पुढच्या क्रमांकाकडे जा. पाचवा बाहेर जातो, सहावा त्याच्या जागी पाचवा होतो, मोजणारा मात्र ६ कडे वळतो. टोपीवाला एक जण रांगेतच राहतो! मग विचारा, चूक कोणाची? शेवटून सुरुवात केली तर काय होईल? आणि मुलांना क्रमांकाऐवजी नावाने हाक मारली तर? जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्या कित्येकांनी हीच चूक केलेली आहे, हे मोठ्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

आमच्या विहिरींचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आज्ञावली आम्ही नव्याने लिहिली. नाव, मोजमाप आणि शेरा आता एकाच नोंदीत राहतात; मसुदा वेगळा; पडदा नुसता नोंदीवरून लिहिला जातो. पण खरी दुरुस्ती गावात झाली. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने एक क्रमांक लिहिला. विहीर बुजली तरी तो क्रमांक दुसरीला द्यायचा नाही, असे ठरले. यादी आता नावांच्या क्रमाने लावा, नायट्रेटच्या क्रमाने लावा, मधली ओळ काढा. गोठ्याशेजारच्या विहिरीपुढे तिचाच आकडा येतो.